पांढऱ्या पेशींचे वकील

रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर माझ्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस परभणी जिल्ह्यातच काय, पृथ्वीच्या पाठीवर झाला नसेल. ताडकळसच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे. त्यांच्या फळ्यावरच्या पांढऱ्या पेशीला फेटा असे, मिशा असत, टपोरे डोळे असत. पोरांच्या जखमेतला पू पुसतानाही ते क्षणभर थांबत आणि म्हणत, "शहीद झाले बिचारे."

अशा माणसाचा डावा डोळा वरचेवर लाल होऊ लागला, उजेड सोसेना. मी त्यांना परभणीला डॉक्टरांकडे नेलं. यंत्रातून बराच वेळ पाहून डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, जंतू नाहीत. तुमच्याच पांढऱ्या पेशी डोळ्यात शिरून तुमच्याच डोळ्यावर हल्ला करतायत. सूज जुनाट आहे. हे थेंब त्या पेशींना आवरतील. लाली गेली तरी ते बंद करू नका, नजर जाईल."

सख्ख्या भावाला घरात चोरी करताना पकडावं, तसा मामांचा चेहरा झाला. "माझ्याच? डाक्टर, बत्तीस वर्सं मी ह्यांचीच बाजू मांडायलो!"

पुढं विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीच्या दिवसांत एसट्या बंद राहिल्या. थेंब संपले असतील या धास्तीनं, गाड्या सुरू होताच मी नवी बाटली घेऊन गेले. कोनाड्यात मी आधी आणून दिलेल्या तीन बाटल्या होत्या, तिन्हींची सीलं शाबूत.

"मामा, हे काय?"

"लाली गेली व्हती, माय. थेंबानं शिपाई निजतेत. किती दिवस निजवायचं त्यायला? दुसरं संकट आलं म्हंजे?"

"आणि डोळा?"

"दिसायलंय की."

मी त्यांचा उजवा डोळा झाकला, दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "किती?"

मामा हसले. "आगं, आधी हात तर धर समोर."

भर दुपार होती. हात समोरच होता.

ती नजर परत आली नाही. तरीही मामांनी पेशींना कधी शिवी दिली नाही. फक्त फळ्यावर त्यांचे डोळे काढणं सोडलं. पोरांनी विचारलं तर सांगत, "त्यांची चूक न्हाई रे. आपलं माणूस वळखू आलं न्हाई त्यायला." वर्षभरात उजवा डोळाही लाल झाला, तेव्हा मात्र ते रोज थेंब घालू लागले. घालताना पुटपुटत, "निजा रे, घडीभर."

शेवटपर्यंत त्या डोळ्यानं त्यांनी मला ओळखलं. ते गेल्यावर मी कोनाडा आवरायला घेतला. या खेपेला बाटली अर्धी रिकामी होती.