सोलापूरला जाऊन आलेला जमखाना

अख्ख्या तुळजापुरात व्यापाराचा जितका विचार आमच्या कापडवाल्या मामांनी केला तितका कुणी केला नसेल, आणि एवढा विचार करून एवढा कमी नफा मिळवलेला माणूसही दुसरा झाला नसेल. ते माझ्या आईचे चुलतभाऊ. निजामी अमलात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकानात धोतरं होती, खण होते, पण जीव होता तो जमखान्यांत. लग्नाकार्यात नि बैठकीला अंथरायच्या, जाड सुताच्या, रंगीत पट्ट्यांच्या जमखान्यांत. माल कसा हवा, किंमत काय ठेवावी, विकायला बसावं कुठं आणि लोकांच्या कानावर घालावं कसं, या चार गोष्टी जुळल्या की लक्ष्मी आपल्या पायांनी चालत येते, असं ते आम्हाला जेवताना समजावत. मामी वाढता वाढता म्हणायची, "मग तिला अजून आपलं घर कसं सापडंना?"

जागेच्या विचारापायी त्यांनी चांगलं चाललेलं दुकान उचलून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला नेलं. "जाताना माणूस देवीला मागत असतो, त्याला दुकान दिसतच न्हाय," ते म्हणाले. "येताना त्याचं मन हलकं असतंय. तवा आपण त्याच्या उजव्या हाताला पायजे." नव्या दुकानात दुपारपासून ऊन थेट गादीपर्यंत यायचं आणि दर्शनी मांडलेल्या जमखान्यांचा रंग महिन्याभरात विटायचा. ही जागेची चूक आहे, विचाराची नाही, असं मामांचं म्हणणं होतं. दवंडी पिटणं त्यांना हलकं वाटे. त्याऐवजी ते गावातल्या प्रत्येक बैठकीला फुकट जमखाने पाठवत. चार गावचे लोक त्यावर बसले की बसल्या बसल्या त्यांना माल कळतो, हा हिशोब. लग्नांपर्यंत ठीक होतं. पण कुणाच्या घरी माणूस गेलं तरी मामा काखेत वळकटी मारून हजर. मामी कपाळाला हात लावायची. पुढं पुढं तर मामा वळकटी घेऊन गल्लीत शिरले की बायका दारात येऊन, कोण गेलं म्हणून विचारू लागल्या. विकायचं सोडून मामाच तिथं हमसून रडायचे, आणि जमखाना तिथंच विसरून घरी यायचे. असे किती जमखाने गावातल्या दुःखात गेले कुणास ठाऊक.

हे जमखाने विणायचे खालच्या गल्लीतले इमामभाई. उंच, वाकलेला, फार कमी बोलणारा माणूस. घरातल्या मागावर बसला की अजानखेरीज उठायचा नाही. त्यांच्यासारखी घट्ट वीण सोलापुरातही मिळत नव्हती, हे मामा शपथेवर सांगत. अडचण एवढीच की गिऱ्हाईक दुकानात पाऊल ठेवता ठेवता विचारायचं, "सोलापुरी हाय का?" इथलाच आहे म्हटलं की हातातला जमखाना खाली. दुसऱ्या कुठल्याही दुकानदारानं मान डोलावून पैसे घेतले असते. मामांना खोटं बोलता येत नसे. सद्गुण म्हणून नव्हे. खोटं बोलायला गेले की त्यांचा चेहरा असा काही कावराबावरा व्हायचा की गिऱ्हाईक खऱ्यावरही विश्वास ठेवेनासं होई.

मग मामांनी खूप विचार केला आणि एक दिवस सगळे जमखाने छकड्यात घालून सोलापूरला नेले. तिथं धर्मशाळेच्या ओसरीवर ते अंथरले, त्यावर बसून भाकरी खाल्ली, रात्री त्यावरच झोपले आणि सकाळी गुंडाळून परत निघाले. सोलापूर इंग्रजांचं, आमचं गाव निजामाचं. मध्ये तामलवाडीकडं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरच्या कारकुनानं गाठोडी ओळखली. "सेठ, येच माल परसों इधरसे गया था ना?" मामा म्हणाले, "गेला होता. आता सोलापूरहून आलाय. महसूल घ्या." कारकून बिचारा भला होता. त्यानं दोनदा समजावून पाहिलं, पण मामांना पावती हवीच होती. महसूल भरला, गाडीभाडं चढलं, म्हणून जमखान्याची किंमत दीडपट झाली, आणि काय आश्चर्य, तेच जमखाने हातोहात खपले. "सोलापूरहून आणलाय," हे आता मामा ताठ मानेनं सांगू शकत होते. स्वस्त जिन्नस लोक वास घेऊन बघतात, महाग जिन्नस डोळे मिटून घेतात, हा नवा विचार त्यांनी त्या रात्री आम्हाला जेवताना सांगितला. पुढं लढाई आली, सूत मिळेना, माल हलवायला परवाने लागू लागले. मामांनी परवाने काढले, पण जमखान्यांची सोलापूरवारी चुकू दिली नाही.

एकदा ईटकडचे एक पाटील लेकीच्या लग्नासाठी जमखाने घ्यायला आले होते. मामांच्या शेजारी इमामभाई बसलेले. पाटलांनी जमखान्यावरून हात फिरवला, उलटा करून वीण बघितली, आणि मोठ्या मनानं म्हणाले, "इमामभाई, बगा जरा. असं इणायला शिका. किती दिस त्येच त्ये करनार?" इमामभाईंनी आपल्याच हातच्या कापडाकडं बघितलं. "व्हय पाटील," ते म्हणाले, "सोलापूरचा हातच येगळा."

पाटील गेल्यावर मामा आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. जमखाना विकला जावा म्हणून आपण माणूसच पुसून टाकला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. संध्याकाळी ते खालच्या गल्लीत गेले आणि इमामभाईंना म्हणाले, "एक दिवस तुमच्या नावानं इकीन. माझा शब्द हाय." इमामभाई नुसते हसले. त्यानंतर मामांच्या डोक्यात दुसरा विचारच राहिला नाही. माल, किंमत, जागा सगळं जुळलंय, फक्त नाव खोटं आहे, असं ते येईल त्याला सांगत.

निजामी गेली. नाका उठला. सोलापूर आणि तुळजापूर एकाच देशाचे झाले, आता इथलं नि तिथलं असं काही उरलं नाही, असं मामांना खरोखर वाटलं. त्यांनी सागवानी फळी आणून रंगाऱ्याकडून ठळक मराठीत लिहून घेतलं: 'इमामभाई, तुळजापूर, यांच्या हातचे जमखाने'. फळी दुकानावर चढली त्या दिवशी मामांनी पेढे वाटले.

लोक येत, फळी वाचत, जमखाना चाचपत. "म्हंजे खालच्या गल्लीतला इमाम?" मग हळूच खालच्या गल्लीत जात आणि निम्म्या किमतीला मागत. इमामभाई नाही म्हणाले की रागावत. आपल्याच गावचा माणूस आणि एवढा माज, म्हणत. कुणी म्हणे, निजामी नुकती गेलेली, दिवसच तसे होते, मुसलमानाच्या नावाची फळी लावायलाच नको होती. तेही असेल. पण मला वाटतं, ज्याला रोज बघतो त्याच्या हातात काही मोठं असेल, हे आमच्या गावाला कधीच मानवलं नसतं. पावसाळा सरला तरी एक जमखाना खपला नाही. इमामभाईंचा माग दोन-दोन दिवस बंद राहू लागला.

शेवटी इमामभाईच दुकानात आले.

"सेठ, तुमी शबुद पाळला. आता त्ये नाव उतरवा."

"थोडी कळ काढा, इमामभाई. लोकांना सवय व्हईल."

"मला सवय हाय. घरात लेकराबाळांना न्हाय." मग म्हणाले, "जमखाने सोलापूरला न्हेऊन आना. नाका नसंना का."

मामांनी स्वतः शिडीवर चढून फळी काढली, स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि खालच्या गल्लीपर्यंत नेली. इमामभाईंनी ती फळी आत, मागासमोरच्या भिंतीला लावली, जिथं गिऱ्हाईक येत नाही. दुसऱ्या दिवशी छकडा पुन्हा सोलापूरला गेला.

त्यानंतर मामांनी व्यापारावर विचार करणं सोडलं. दुकान चालत राहिलं, उलट पहिल्यापेक्षा थोडं बरं चाललं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते खालच्या गल्लीत जात, मागाजवळ जमिनीवर बसत आणि भिंतीवरची फळी मोठ्यानं वाचत. इमामभाईंना मराठी अक्षर लागत नसे. ते माग थांबवून, मान खाली घालून ऐकत, आणि वाचून झालं की पुन्हा विणायला लागत. मामा गेले, आणि ती फळी इमामभाईंना वाचून दाखवणारं कुणी राहिलं नाही.