चिंचेनं घासलेला गोळा

येरमाळ्यात ज्ञानोबा हवालदारांचं घर कुठलं, असं कुणी विचारत नाही. "बाँबवाले कुठं राहतात?" एवढं पुरतं. फौजेतली सगळी नोकरी या माणसानं दारूगोळ्याच्या कोठारात काढली. लोक निवृत्त झाले की देवदेव करतात. यांनी पुढच्या खोलीत काचेचं कपाट करून त्यात रिकामी काडतुसं आणि पोकळ गोळे मांडले. सगळे मेलेले, म्हणजे दारू काढून टाकलेले, आणि तसे कागद असलेले. कुणीही कसलंही नळकांडं आणावं आणि हवालदारांनी उभ्या उभ्या त्याची सात पिढ्यांची कुंडली सांगावी. "माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून गावानं कधी ऐकले नव्हते. त्याचा तोराही होता त्यांना, खोटं कशाला बोला!

यंदा भाऊबीजेला सोनारीहून त्यांची थोरली बहीण धुरपदाबाई आली. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच ज्ञानोबांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. ओवाळून झाल्यावर तिनं पिशवीतून लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पाटासमोर उभं केलं.

"तुझ्या कपाटाला आनलंय. सासऱ्यानं रझाकाराच्या वक्ताला कुठनं तरी आनून कणगीत दडवला व्हता. दिवाळीची झाडलोट करताना घावला. चिंच आन् विटकरीचा भुगा लावून घासलाय बग. समईवानी झालाय का न्हाय?"

झाला होता खरा. हातभर लांब पितळी नळकांडं, आणि त्याच्या तोंडात घट्ट बसलेलं लोखंडी बोंड. ज्ञानोबा कौतुकानं वाकले आणि वाकलेलेच राहिले. आकडा नाही, अक्षर नाही, रंगाचा ठिपका नाही. बोंड जागेवर होतं, म्हणजे गोळा उडालेला नव्हता. एक तर तो सरावासाठी बनवलेला पोकळ असणार, नाहीतर पोटात दारू घेऊन बसलेला. ते ज्या खुणांवरून कळतं, त्या अक्कानं मन लावून धुऊन काढल्या होत्या.

"यष्टीत कुठं ठेवला होतास?" त्यांनी विचारलं.

"मांडीवर. मग कंडक्टरनं शिटाखाली ठिवाय लावला. लई खड्डे, बाबा. दोनदा आडवा झाला."

ज्ञानोबांनी पाहिलं. समोर अक्का मांडी घालून बसलेली, तिच्या गुडघ्याशी तो गोळा, शेजारी जळतं निरांजन. त्यांनी आधी हलकेच ताट मागं ओढलं आणि ज्योत विझवली.

"निरांजन इझवू ने रं!"

"अक्का, आठवून सांग. याच्या बोंडाला रंग होता का?"

"व्हता की. पट्टा व्हता."

"निळा का पिवळा?" आणि इथं या शहाण्या माणसानं घाण केली. आशा मोठी वाईट. "निळा असला तर सरावाचा. मग आपल्या कपाटात मधोमध ठेवता येईल."

धुरपदाबाईनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. "निळाच व्हता."

ज्ञानोबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात पुढं केला. बोटं पितळेला लागणार, एवढ्यात त्यांना वाटलं, ही फार लवकर बोलली.

"नक्की निळा?"

"तुला कपाटात ठिवायचाय न्हवं? मग निळाच."

हात जागच्या जागी थांबला. लहानपणी भाकरी एकच उरली की "मला भूक न्हाय" असं ती याच आवाजात म्हणायची.

"ऊठ, अक्का. हळू ऊठ. पदर सांभाळ, त्याला लागू देऊ नकोस." त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून उठवलं, मागच्या खोलीतून बायकोला हाक मारली आणि दोघींना अंगणाबाहेर नेलं. शेजारची घरं रिकामी केली. मग पोलीस ठाण्याला फोन लावला.

रस्त्यावर गर्दी जमली. "काय हवालदार, जिता हाय का मेलेला?" कुणीतरी मोठ्यानं विचारलं. सगळे आता कुंडली ऐकायला मिळणार म्हणून थांबलेले.

"मला माहीत नाही," ज्ञानोबा म्हणाले. चारचौघांत म्हणाले. कान तापले होते, तरी पुन्हा म्हणाले, "माहीत नाही. पुढं येऊ नका."

धाराशिवहून बाँब निकामी करणारं पथक आलं. वाळूच्या पोत्यांत गोळा अलगद उचलून नेला आणि जाताना कपाटातलं सगळंही तपासायला म्हणून नेलं. ज्ञानोबांनी कागद दाखवले, पण हट्ट केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावरच्या बंद खाणीकडून दणका आला. कपाटाच्या रिकाम्या काचा थरथरल्या. थोड्या वेळानं पथकाच्या साहेबांचा फोन आला: गोळा जिवंत होता.

ज्ञानोबा फोन ठेवून खाली बसले. धुरपदाबाई त्यांच्याजवळ येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"पिवळा व्हता रं," ती हळूच म्हणाली. "हाळदीवानी पिवळा."

"मग निळा का म्हणालीस, अक्का?"

"निळ्याचं नाव घेताना तुझं तोंड कसं खुललं व्हतं. लई दिसांनी बगितलं तसं."

त्यांना रागवायचं होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. नखांत चिंच अजून तशीच होती.