सत्तर पावलं
मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि पुढे लीड्सजवळच्या क्लबात पगारी गोलंदाज, ते तालुक्याच्या शाळेतल्या खेळाच्या सरांमुळे. ओल्या गवताचा वास आला की तो एप्रिल आठवतो. तिथला पहिला हंगाम वाया गेला होता; शेवटचं पाऊल सारखं ताणलं जाऊन चेंडू भरकटायचा. क्लबने आता स्वतःला सिद्ध करायला एकच सामना दिला होता. सामन्याच्या सकाळी मैदानातून सरांना फोन करून अडचण सांगितली. “रनअप कसा मोजतोस?” “तुम्ही शिकवलात तसाच, टाचेला अंगठा लावून सत्तर पावलं.” “बूट घालून?” “इथे थंडी असते, सर.” “अरे गाढवा, आपण अनवाणी मोजायचो! बुटांनी रनअप लांबला की!” बूट काढून मोजलं, तर खूण पाच फूट पुढे आली. त्या संध्याकाळी पत्र लिहिलं: “सर, चार विकेट मिळाल्या, क्लबने ठेवून घेतलं. आज सकाळपर्यंत वर्षभर लाजेपोटी तुम्हाला फोन केला नाही, माफ करा.”