न पिणाऱ्याचं यकृत

आमच्याकडे आले की वसंतभाऊजी पाण्याचा पेला आधी नाकाशी नेत आणि मग ओठाशी. माठातलं पाणी, मीच समोर ओतलेलं. तरी वास घेतल्याशिवाय घोट नाही. तुमच्या आजोबांचा हा धाकटा भाऊ पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत आमच्या मागच्याच ब्लॉकमध्ये राहायचा. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. समोर येणारा प्रत्येक भाग सदोष आहे असं धरून चालायचं, हे त्यांचं काम. तोच नियम त्यांनी माणसांनाही लावला.

"वहिनी, फिटर सांगतो ते ऐकायचं नसतं, मोजायचं असतं," असं म्हणायचे.

याचं मूळ तुमच्या पणजोबांत होतं. ते नागपूरला वारले, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. भाऊजी तेव्हा अठरा वर्षांचे. यकृत बिघडतं ते दारूने, एवढं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. वडील चोरून पीत असणार, असा निकाल त्यांनी देऊन टाकला आणि श्राद्धाला कधी बसले नाहीत. "दारुड्याला मी पाणी सोडणार नाही, दादा." स्वतः थेंबाला शिवले नाहीत. त्याची भरपाई म्हणून रविवारी पोहे-जिलेबी, चहात तीन चमचे साखर, आणि न पिण्याची शपथ घेतली त्या दिवशी दरवर्षी अख्ख्या ब्लॉकला गुलाबजाम. सर्वांत जास्त ते स्वतःच खात.

निवृत्तीनंतर त्यांचे पाय सुजू लागले. डॉक्टरांनी यकृत आकसल्याचं सांगितलं आणि विचारलं, "कितनी लेते थे?"

"एक बूंद नहीं."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'मरीज़ का कहना है कि नहीं पीते.'

भाऊजींना आजारापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. "कहना है म्हणे," ते घरी येऊन म्हणाले. "आयुष्यभर मी फिटरांबद्दल हेच लिहीत आलो." मग आम्हा दोघांना बजावलं, की हे बाहेर कळता कामा नये. सगळी पिपलानी म्हणेल, चोरून घेत होता. स्वतःच्या मुलालाही त्यांनी सांगितलं नाही.

पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. मी सोबत होते. "घर में और किसी को था?"

"पिताजी को. वो पीते थे."

"आपने देखा था?"

भाऊजींनी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

बाईंनी समजावलं, की काही घराण्यांत यकृतात लवकर चरबी साठवणारं जनुक असतं. ते जन्मतः मिळतं आणि बदलत नाही. पण खाणं, वजन, बसून राहणं त्याच्यावर आपल्या खुणा करत जातं, आणि त्या खुणांप्रमाणे जनुकाचं काम कमी-जास्त होतं.

"मतलब ड्रॉइंग बाप की, और ऊपर पेन्सिल के निशान मेरे," भाऊजी म्हणाले. कारखान्यात मूळ ड्रॉइंगला धक्का न लावता कारागीर वर पेन्सिलीने खुणा करत आणि काम त्या खुणांबरहुकूम होई.

"जी. कुछ निशान मिट भी जाते हैं, जल्दी पकड़ो तो. आपको देर हो गई. बच्चों की जाँच करवाइए."

म्हणजे स्वतःचं नाव तरी राखायचं, नाहीतर मुलांना तरी. तीन आठवड्यांनी दिवाळीच्या फराळाला दोन्ही घरची मुलं आणि शेजारी जमले होते, तेव्हा चकलीची ताटली बाजूला ठेवून म्हणाले, "माझं यकृत गेलंय. बाबांचंही असंच गेलं. पोरांनो, सगळ्यांनी तपासून घ्या. टाळू नका."

समोरच्या शर्माजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाईसाहब, अब तो छोड़ दीजिए."

"छोड़ दी," भाऊजी म्हणाले. हयातभर एकाही फिटरपुढे हार न मानलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

तुमच्या बाबांच्या यकृतात चरबी निघाली, अगदी सुरुवातीची. त्यांनी वजन उतरवलं, तशी तीही उतरली. भाऊजी पुढच्या वर्षी गेले.

तुमच्या तिकडे दवाखान्यात फॉर्म भरून घेतात. त्यात घरातल्या आजारांचा रकाना असतो. आम्ही तिथे नेहमी रेघ मारत आलो. तुम्ही तिथे पणजोबा, वसंतआजोबा आणि बाबा, तिघांचीही नावं लिहा. दारूचा रकाना वेगळा असतो; त्यात प्रत्येकाने फक्त स्वतःचं लिहायचं.