तांदळाच्या कोठीतली देवी

तांदळात कडुनिंबाचा पाला घालताना त्याचा कडवट वास आला, की मला तो दिवस आठवतो बघा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धम्मदीक्षा घेतल्यावर सासऱ्यांनी घरातले सगळे देव विसर्जित केले होते, आणि त्या बाबतीत ते फार कडक. असाच पाला घालायला मी कोठी रिकामी करत होते, तर तळाशी चिंधीत गुंडाळलेली मातीची बोटभर देवी निघाली! सासूबाई धावत आल्या. "त्याइले सांगू नको वं! मले घरात राहू देनार नाही ते." त्या आठवड्यात मी वाचनालयातलं प्राचीन इस्रायलवरचं एक पुस्तक वाचत होते. त्यांना बसवून म्हटलं, "फार जुन्या काळी इस्रायलचे लोकही हळूहळू एकाच देवाकडे वळले, तरी त्यांची घरं खणली की अशाच मातीच्या बाया सापडतात." भीती विसरून त्यांनी विचारलं, "काहून ठेवत असतील वं त्या?" "मोठमोठ्या पंडितांनाही नक्की सांगता येत नाही. तुम्ही काहून ठेवली?" "माह्या आईनं सासरी धाडताना हातात देल्ली होती. देव सोडले, पन आईले कशी सोडू?" मी ती परत ठेवली आणि वरून तांदूळ ओतले. त्या इस्रायलच्या बायांना त्यांच्या मूर्ती कुणी दिल्या असतील, हे मी अजून पुस्तकांतून शोधते आहे.