टेबलाखालची राख

आमच्या विभागात मॅडमच्या नावाची एक खुर्ची होती. तिच्यावर वर्षभर प्रॅक्टिकलच्या वह्या, हेल्मेट आणि अधूनमधून केळ्यांची फणी बसलेली असे. मॅडम कधीच नाही. चहा उभ्याने, पेपर तपासणं उभ्याने. प्राचार्यांनी 'बसा' म्हटलं तरी त्या टेबलाला टेकून उभ्याच राहत आणि शेवटी अवघडून प्राचार्यच उठत. मुलांनी त्यांचं नाव 'उभ्या मॅडम' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबर हाय की. आडवं व्हायला पुढं लई येळ हाय."

कॉलेज अल्पसंख्याकांच्या एका जुन्या संस्थेचं. मंगळवार पेठेतल्या शिवणकाम करणाऱ्यांच्या मुली आणि शाहूवाडीकडून एसटीने येणारी भातकऱ्यांची मुलं असा आमचा वर्ग. मॅडम स्वतः फळं विकणाऱ्या बागवान कुटुंबातल्या, घरातल्या पहिल्या एम.एस्सी., रसायनशास्त्राच्या प्रमुख. मी शिरोळकडचा पाटील, फिजिक्सचा, तासिका तत्त्वावर नुकताच चिकटलेला. म्हणजे जून आला की नोकरी राहते का जाते या धास्तीत जगणारा. जागेअभावी आमचे दोन्ही विभाग एकाच प्रयोगशाळेत नांदत होते.

'काय राहिलं?' हा मॅडमचा मंत्र. सकाळी आल्या आल्या नमस्कारऐवजी हेच. एक काम हातावेगळं झालं की दुसऱ्याच्या मागे. रोजे चालू असले तरी त्यांच्या चपला जिन्यात तशाच वाजायच्या. त्यांच्या जवळपास निवांत बसलेल्या माणसाला उगीच अपराधी वाटायचं. मला तर फार वाटायचं, कारण मी बसायला जन्मलेला माणूस आहे.

त्यांना झपाटलेलं होतं भाताच्या तुसाने. शाहूवाडीतल्या काही वाड्यांवर बोअरचं पाणी तांबूस येतं, कपडेसुद्धा पिवळे पडतात. आणि तिथंच गिरणीबाहेर तुसाचे ढीग सडत असतात. ते तूस नेमक्या उष्णतेवर जाळलं तर त्याच्या राखेतून पाणी गाळता येईल, असं मॅडमचं म्हणणं होतं. नेमकी उष्णता कुठली, हे शोधायला प्रयोगशाळेची भट्टी हवी. अल्पसंख्याक संस्थांच्या विज्ञान महाविद्यालयांसाठी संशोधन अनुदानाची योजना होती. मॅडम तिथं दोनदा अर्ज करून बसल्या होत्या, म्हणजे उभ्याच होत्या. दोन्ही वेळा पायाभूत सुविधा अपुऱ्या आहेत असं उत्तर आलं. "भट्टी न्हाय म्हणून पैसे मागतोय," त्या मला म्हणाल्या, "आन् ही म्हणत्यात, भट्टी न्हाय म्हणून पैसे न्हाईत."

पण थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्याला गळ घालून त्यांनी त्याची छोटी भट्टी मिळवली. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीपुरती, अर्धा-पाऊण तास. स्कूटरवर तुसाची पिशवी घेऊन जायच्या, एक घाणा जाळायच्या, राख डब्यात भरून दोनच्या प्रॅक्टिकलला हजर. डबे म्हणजे दूध पावडरचे आणि चहाचे रिकामे डबे. प्रत्येकावर खडूने नुसता आकडा. कुठल्या गावचं तूस, किती तापवलं, हे सगळं वहीत. दोन वर्षांत टेबलाखाली असे चाळीसेक डबे जमले होते.

टेबलाखाली, हे लक्षात ठेवा. आमच्या कॉलेजात किमती वस्तू काचेच्या कपाटात असते, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली हरवलेली असते. चांगला तराजू तर फडक्यात बांधून दसऱ्याला पूजेपुरता बाहेर यायचा. मॅडमना या कुलपांचा मनापासून राग. त्यांची कुठलीच वस्तू बंद नसायची. ही गोष्ट घडली तेव्हा मला रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. मॅडमचे नमुने म्हणजे काहीतरी कपाटात, कुलपात असणार असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या अर्जावर समिती पाहणीला येणार असं पत्र आलं. आदल्या दिवशी मॅडम तांबूस पाण्याच्या एका गावच्या सरपंचाचं शिफारसपत्र आणायला शाहूवाडीला गेल्या आणि प्राचार्यांनी मला फर्मान काढलं की लॅब चकाचक पाहिजे. समिती येणार म्हणजे घासूनपुसून ठेवायचं, एवढं आमच्याकडे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळतं. लॅबचे शिपाई मामा आणि मी दुपारपासून लागलो. पितळी नळ, तराजूची पारडी, काळवंडलेली काचपात्रं. साबण संपला. मामांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "सर, हितं राख हाय मायंदाळ. घिऊ काय?"

"घ्या की," मी म्हणालो.

घरी आमची आई राखेनेच तांब्या घासते. मीही बाह्या वर करून बसलो. डबे रिकामे झाले, तेही मामांनी विसळून टेबलाखाली उपडे घातले. संध्याकाळी नळ असे लखलखत होते की मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी समितीतले तीन जण आले. मुख्य होते त्यांनी नळाकडे पाहून मान डोलावली. मग म्हणाले, नमुने दाखवा. मॅडम वाकल्या. उपड्या डब्यांच्या रांगेतला एक डबा त्यांनी उलटून पाहिला. मला तेव्हा कुठे उमगलं की नमुने म्हणजे तीच राख. मामा माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे बघत होतो. जूनमध्ये माझी ऑर्डर निघायची होती.

मॅडम सरळ झाल्या आणि समितीला शांतपणे म्हणाल्या की नमुने आज दाखवता येणार नाहीत, ते नीट ठेवले नव्हते, ही चूक त्यांची स्वतःची आहे. समितीच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं. अनुदान गेलं, हे त्याच्या लिहिण्यावरूनच कळलं.

गाडी फाटकाबाहेर पडली तशी मॅडमनी मामांना बोलावलं. मला वाटलं, आता फुटलं. पण त्यांनी विचारलं काय, तर कुठली राख हाताला मऊ लागली आणि कुठली खरखरीत. मामा घाबरत म्हणाले, काळपट होती ती मऊ, पांढरी सगळी खरबरीत. मॅडमनी काचपात्रं उजेडात धरली, त्यांच्यावरचे बारीक ओरखडे पाहिले आणि वही उघडली. जास्त तापलेली राख कडक होते, म्हणून ओरखडते. मग ती पाणी गाळायलाही कामाची नाही, असं त्यांनी उभ्या उभ्या लिहून काढलं. वही मिटून म्हणाल्या, "चला पाटील, काय राहिलं? सगळंच राहिलं."

राख घ्यायला मीच सांगितलं होतं, हे मामा बोलले नाहीत. मीही नाही. पुढची दोन वर्षं मी मॅडमच्या स्कूटरवर मागे तुसाची पिशवी धरून बसलो. जेवणाच्या सुट्टीत भट्टीपुढे घामाघूम झालो. मला संशोधनाची गोडी लागली असं त्या सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. ती गोडी नव्हती, भीती होती. कधीतरी हे सांगावं लागेल या विचाराने मी, बसायला जन्मलेला माणूस, रिकाम्या तासाला व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो.

चौथा अर्ज भरला तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. शेवटच्या पानावर प्रमुख संशोधक म्हणून त्यांनी माझं नाव घातलं होतं. सही करून, स्कॅन करून चढवायचं होतं. मी पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, "मॅडम, ती राख मामांनी न्हाय, मी घालवली. घ्या म्हणून मीच सांगिटलं."

त्या स्कॅनरची वायर खोचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच दिवशी कळलं हुतं. समितीला पाणी देताना तुमच्या नखांत राख हुती. सही करा, पाचला पोर्टल बंद हुतंय."

मी सही केली. डोळ्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे ती चौकटीबाहेर गेली.

मंजुरी आली तेव्हा मॅडम निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं आणि आजारपणाने घरी होत्या. भट्टी बसली. आमच्या स्वतःच्या भट्टीतून पहिली राख निघाली त्या दुपारी मी हात न धुता मॅडमचं मंगळवार पेठेतलं घर गाठलं. मॅडम पलंगावर पडून होत्या. त्यांना आडवं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी माझी बोटं जवळ ओढून नखं निरखली, अंगठ्याने थोडी राख चोळून बघितली.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या.

मला खूप बोलायचं होतं. उशाशी स्टूल होतं, ते ओढून मी बसलो. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर असा पहिल्यांदाच बसलो असेन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"भट्टी चालू ठिऊन आलाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग बसलाय काय? जावा आधी."

मी गेलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन सगळं नीट बोलायचं असं जिन्यात ठरवलं होतं. तो आठवडा त्यांना मिळाला नाही.