राक्षसाचं खोकं

डाग काढणं हा माझा धंदा आहे आणि त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकते. कराडात आमच्या घरी गणपती घडतात. तो हंगाम सोडला की मी लोकांची जुनी खेळणी दुरुस्त करते. तुटलेले हात जोडते, उडालेला रंग भरते, चेपलेली खोकी सरळ करते. वडिलांना हे काम कधी पटलं नाही. पण माझ्या टेबलाशेजारीच ते बारा महिने मूर्तींचे डोळे रेखत बसतात, त्यामुळे त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

त्या वर्षी सांगलीच्या एका काकांनी कुरिअरनं एक राक्षस पाठवला. वीतभर उंच, हिरवा, चार हातांचा, शेपटीला काटे. काका खेळण्यांच्या एका कारखान्यात साचे करायचे आणि या राक्षसाचा साचा त्यांनीच केलेला. पण त्याचे हात खांद्यातून निखळायचे, म्हणून मालकानं तो दुकानात जाऊच दिला नाही. छापून आलेली खोकी रद्दीत गेली. काकांनी एक नमुना आणि एक खोकं मागून घेतलं होतं. असा दुसरा कुठंच नाही, असं ते फोनवर म्हणाले होते.

निखळलेला हात दोन दिवसांत बसला. खोकं जास्त किचकट निघालं. तांबडा पुठ्ठा, समोर पारदर्शक खिडकी आणि वरच्या झाकणावर एक तपकिरी डाग. ओल्या कापसानं मी तो हळूहळू उचलला. कापूस लाल झाला, तेव्हा मला वाटलं छपाईचा रंग सुटतोय. हात आणखी हलका केला. झाकण लख्ख झालं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

वडिलांनी बशीतला कापूस उचलून नाकाशी नेला.

"पोरी, हे कुंकू हाय."

"काहीतरीच. राक्षसाला कोण कुंकू लावतं?"

"साचं करणारा माणूस हाय न्हवं त्यो? खंडेनवमीला हत्यारांसंगं पुजलं आसंल."

मी चिडले. मूर्तिकाराच्या मुलीला कुंकू ओळखता येऊ नये, हे फार झोंबलं. तेवढ्यात काकांचाच फोन आला.

"ताई, राक्षस न्यायला एसटीत बसलोय. आष्टा सोडलं आत्ताच. एक सांगायचं ऱ्हायलं बगा. झाकणावर कुंकू हाय, तेवढं पुसू नका. आमच्या मंडळींनी लावल्यालं हाय. आता ती न्हाई. घरात तिचं तेवढंच बोट ऱ्हायलंय."

मी "बरं" म्हणाले.

"आल्या आल्या सांग त्यास्नी," वडील म्हणाले. "चूक झाली म्हणायचं."

"नाही."

"पोरी..."

"तुम्ही गप्प बसा हो!"

वडिलांवर मी असं कधी ओरडले नव्हते. ते ब्रश खाली ठेवून दारात जाऊन बसले.

आष्ट्याहून कराड, फार तर दीड तास. काम सुरू करण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढायची माझी सवय आहे, त्यावरून डागाची जागा आणि माप मिळालं. देवघरातलं कुंकू घेतलं, त्यात थेंबभर तेल आणि किंचित काजळी घातली. रद्दीतल्या पुठ्ठ्यावर सात-आठ बोटं उठवून बघितली. माझं बोट जाड, माप जुळेना. अनामिकेचं नुसतं टोक टेकवलं तेव्हा कुठं जमलं. मग झाकणावर एकदाच टेकवलं, हेअर ड्रायरनं वाळवलं, चहाच्या पाण्यानं कडा मंद केल्या. आजवर देवाला कितीदा कुंकू वाहिलं असेल, पण असं चोरासारखं कधीच नाही.

काका आले. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. राक्षसाच्या हाताकडे त्यांनी बघितलंही नाही. खोकं खिडकीपाशी नेलं आणि झाकण डोळ्यांजवळ धरलं.

"जरा उजळ दिसतंय," ते म्हणाले.

वडील दारातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी संपले असते. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी उघडावं असंही मला वाटत होतं.

"धूळ काढलीय ना, काका," मी म्हणाले.

काका रडायला लागले. "लय भ्या वाटत हुतं, ताई. पुसलं तर काय करायचं, म्हणून वाटभर जीव टांगणीला. लय उपकार झालं." असं म्हणत ते चक्क माझ्या पाया पडायला वाकले. मी मागं सरले. वडील झटकन पुढं आले, त्यांना खांद्याला धरून सरळ केलं.

"बसा पाव्हणं," ते म्हणाले. "च्या घ्या."

काकांना स्टँडवर सोडून मी घरी परतले, तेव्हा वडील पुन्हा डोळे रेखायला बसले होते.

"आता कवाच सांगू नगंस त्यास्नी," ते मान वर न करता म्हणाले.

"तुम्हीच तर सांग म्हणत होता."

"तवा सांगायचं हुतं. आता न्हाई."

दर दसऱ्याला काकांचा फोटो येतो. पाटावर कानस, छिन्नी, झेंडूची फुलं आणि मधोमध ते खोकं. नवं कुंकू ते लावत नाहीत. खाली लिहिलेलं असतं, "यंदा बी मंडळींचं बोट हाय तसं हाय." मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवते आणि फोन उपडा ठेवते.